टोपीची कड

जानेवारीत भरली होती ती पन्नास काडतुसं,
जालन्याच्या थंडीत, दुकानामागच्या खोलीत,
बोटं गारठलेली,
तराजूचा काटा माझ्याआधी थरथरणारा.
खमरोद्दीनचाचांनी वहीत दारूचा आकडा लिहून दिला होता
आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती.
मी रेघ ओलांडली.
अर्ध्या गुंजेनं.
सोनारसुद्धा एवढ्यासाठी गिऱ्हाइकाशी भांडत नाही.

आणि नेम काय लागला म्हणता!
मंठा रोडच्या खदानीत, पाच गोळ्या,
एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा.
तो कागद मी घडी करून लायसन्समागे ठेवला,
भेटेल त्याला दाखवला.
चाचांनी कागदाकडे पाहिलंच नाही.
"पुंगळ्या कुठंयत?"
झाडून टाकल्या, म्हटलं.

मग मे आला.
बदनापूरकडून वारा यायचा तो तव्यावरून उतरल्यासारखा.
डबा जीपच्या बॉनेटवर राहिला,
चहा होईपर्यंत, दुसरा चहा होईपर्यंत.
पहिली गोळी नेहमीसारखी.
दुसरीनं खांद्याला काहीतरी सांगितलं, मी ऐकलं नाही.
तिसरीनंतर बोल्ट उठेना.
मुठीनं उठेना, तळहाताच्या टाचेनं उठेना.
मी पाय रोवून जोर लावणार
तेवढ्यात मागून:
"नक्को, पोट्टी. बस झालं."

रागावले असते तर बरं झालं असतं.
चाचांनी नळी मातीच्या ढिगाकडे ठेवून
सावकाश, लाकडाच्या ठोकळ्यानं बोल्ट सोडवला,
पुंगळी रुमालावर घेतली,
घड्याळजीचं भिंग डोळ्यात अडकवलं
आणि मग ते माझ्या डोळ्यात अडकवलं.

"टोपीची कड गोल असते. उडाल्यावरही थोडी राहावी लागते.
ही बघ, परातीला पीठ चिकटावं तशी खोबणीत पसरलीय.
पिनेच्या खळगीभोवती नख फिरव.
अडकलं? तिथं कडं उठलंय.
आता बुडाकडे ये. हा चकाकता ठिपका.
पितळ इथं वाहिलं, बोल्टच्या भोकात शिरलं,
निघताना घासून आलं."
मी म्हटलं, टोपी सपाट झाली की समजायचं, एवढंच ना?
"हौ, आणि फसायचं.
एखादीची टोपी मऊ, ती उगाच रडते.
एखादीची कडक,
बंदूक फुटली तरी तोंड उघडत नाही.
सगळ्यांना एकत्र बसवून विचार.
आणि कुणी बोललंच, तर असं समज
की हद्द येऊन गेली. तू पुढं उभी आहेस."

पण जानेवारीत तर हीच दारू, हीच बंदूक?
चाचांनी बॉनेटवर हात ठेवला.
लगेच उचलला.

उरलेली बेचाळीस त्यांनी त्याच दिवशी मोकळी केली,
पुलरमध्ये घालून ठोक, ठोक, ठोक,
मगरीबची बांग झाली तरी ठोक.
गोळ्या एका बरणीत, पुंगळ्या दुसरीत,
दारू अंगणातल्या मोसंबीच्या आळ्यात भुरभुरवली.
"खत असतं. यंदा फळ आंबट निघालं
तर तुझ्या नावावर लिहीन."

रात्री मी घरी टेबलाचा खालचा खण उघडला.
झाडून टाकलेल्या पाच पुंगळ्या
जुन्या पाकिटात होत्या तशाच.
टॉर्च तिरपी धरून एकेक फिरवली.
चारांवर काही नाही.
पाचवीच्या बुडाला, कडेशी,
तांदळाच्या कणीएवढी चकाकी.
त्या नाण्याखालच्या पाचांतली एक.
जानेवारीतली. गार हवेतली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच पोचले,
पुंगळी काउंटरवर ठेवली.
चाचांनी भिंग काढलं नाही,
उजेडाकडेसुद्धा धरली नाही.
गल्ल्यात टाकली, चिल्लरीत.
"झाडून टाकल्या होत्या ना?"
म्हणाले,
आणि शटरची दुसरी बाजू धरायला सांगितली.